पोलर तारे आणि त्यांचे स्पेक्ट्रम: गच्चीवर, लिफ्टमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरीला आमच्या ढोकाळीच्या सोसायटीत गच्चीवर मी आठ इंची दुर्बीण लावली होती, दूध आटेपर्यंत सगळ्यांना चंद्र दाखवला, शनी दाखवला, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं की तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर त्या वाकड्यातिकड्या रेघा बघत बसतोस ते काय असतं रे. तर त्या रेघा म्हणजे पोलर नावाच्या ताऱ्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून काढलेला आलेख, आणि पोलर हा कॅटॅक्लिस्मिक व्हेरिएबल ताऱ्यांचा एक प्रकार. तिथून प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी प्रोफेशनल खगोलशास्त्रज्ञ नाही, एमएस्सीला प्रोजेक्ट याच विषयावर होतं, नंतर ऐरोलीला नोकरी लागली, पण नाद काही सुटला नाही.

हे कॅटॅक्लिस्मिक व्हेरिएबल म्हणजे नक्की काय?

मराठीत कोणी ‘प्रलयंकारी रूपविकारी तारे’ म्हणतं, मी आपलं सरळ सीव्ही म्हणतो. ही दोन ताऱ्यांची जोडी असते. एक श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आकार साधारण पृथ्वीएवढा पण वजन सूर्याच्या पाऊणपट वगैरे. दुसरा लाल, थंड, बुटका तारा. दोघं इतके जवळ की एकमेकांभोवती एक फेरी साधारण ऐंशी मिनिटांपासून दहा तासांपर्यंत कितीही वेळात होते. ऐंशी मिनिटं म्हणजे ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटीला टेकून परत यायचं, तेवढ्यात यांचं एक ‘वर्ष’ संपलं.

इतकं जवळ असल्यामुळे श्वेतबटू त्या लाल ताऱ्याला ओढून थेंबासारखा लांबट करतो आणि थेंबाच्या टोकातून गॅस सांडायला लागतो. तो गॅस थेट खाली पडत नाही, गरगर फिरत श्वेतबटूभोवती चकती करतो. पाणी बेसिनच्या जाळीत जाताना फिरतं तसं, अगदी तसंच नाही पण डोळ्यासमोर आणायला ठीक आहे.

मग त्यात मॅग्नेटिक काय आहे?

काही श्वेतबटूंचं चुंबकीय क्षेत्र भयानक असतं. आपल्या पृथ्वीचं अर्ध्या गॉसच्या आसपास, गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप. एमआरआय काढायला जातो तिथलं नेहमीचं मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे १५ हजार गॉस, आणि तिथे किल्ल्या, बेल्ट, घड्याळ सगळं बाहेर काढून ठेवायला लावतात. शौरी तारकासमूहात एएम हर्क्युलिस नावाचा तारा आहे, त्याच्या श्वेतबटूचं क्षेत्र सुमारे १ कोटी ४० लाख गॉस. एमआरआयच्या नऊशे पट! आणि हा काही टॉपर नाही, एआर उर्सा मेजोरिस २३ कोटी गॉसपर्यंत जातो.

एवढ्या क्षेत्रात चकती तयारच होत नाही. वरून पडणारा गॅस थोडं अंतर नेहमीसारखा येतो आणि मग चुंबकीय रेषांना चिकटून सरळ ध्रुवावर जाऊन आदळतो, वेग सेकंदाला ५००० किलोमीटरच्या आसपास. अशा ताऱ्यांना पोलर म्हणतात, कारण त्यांचा प्रकाश पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी वाटेल तशा नाही तर ठरावीक पद्धतीने हलतात. यात श्वेतबटू आणि जोडीदार एकमेकांना असे जखडलेले असतात की श्वेतबटूचं स्वतःभोवती फिरणं आणि जोडीची फेरी एकाच वेळेत होते. क्षेत्र थोडं कमी असेल, दहा लाख ते एक कोटी गॉसच्या घरात, तर चकती बाहेरून राहते आणि आतून कुरतडल्यासारखी गायब असते, ते इंटरमीडिएट पोलर. आपल्यापासून दीडशे पार्सेक, म्हणजे साधारण पाचशे प्रकाशवर्षं, एवढ्या अंतरातले सीव्ही मोजले तर एक तृतीयांशाच्या आसपास मॅग्नेटिक निघतात, त्यामुळे हा काही एखाद-दुसरा विचित्र नमुना नाहीये.

फोटो काढायचा ना सरळ, स्पेक्ट्रम कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय. एएम हर्क्युलिसमधल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर सात-साडेसात लाख किलोमीटर आणि ती जोडी आपल्यापासून तीनशे प्रकाशवर्षांच्या थोडी अलीकडे. मी कागदावर हिशोब केला, ठाण्यात उभं राहून दिल्लीतल्या ताटातला मिठाचा एक कण दिसायला हवा, तेव्हा कुठे हे दोन तारे वेगळे दिसतील. कुठल्याही दुर्बिणीत ते एक टिंबच दिसणार. मग त्या टिंबाचा प्रकाश लांबवर पसरवायचा, कुठल्या तरंगलांबीला किती उजेड आहे ते मोजायचं आणि त्यातून आत काय चाललंय ते ओळखायचं, दुसरा मार्ग नाही. डॉक्टर पोट न फाडता नाडीवर बोट ठेवतो ना, तसं.

स्पेक्ट्रममध्ये दिसतं काय?

साध्या ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये काळ्या रेघा असतात. पोलरमध्ये उलटं, रेघा उजळ, ग्राफवर सुळक्यांसारख्या उभ्या. हायड्रोजनची एच-अल्फा ६५६३ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं माप), एच-बीटा ४८६१ ला, मग ४३४० वगैरे. पण ओळखणारा माणूस आधी बघतो ४६८६ अँगस्ट्रॉमकडे. ती आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हीलियमची रेघ, हीलियम-टू. ती यायला हीलियमचा दुसरा इलेक्ट्रॉनसुद्धा उडवावा लागतो आणि त्याला ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन लागतो. एवढा कडक प्रकाश कुठून येणार, तर ध्रुवावर गॅस आदळतो तिथून. म्हणून ४६८६ ची रेघ एच-बीटाच्या तोडीस तोड दिसली की डोळे चमकतात. तिच्या डाव्या बाजूला ४६४० ते ४६५० मध्ये कार्बन आणि नायट्रोजनचा एक फुगवटा असतो, नवीन माणूस तो बऱ्याचदा हीलियममध्येच धरून टाकतो.

मॅग्नेटिक तारे निवडायला एक चाळणी लोक वापरतात: ४६८६ ची ताकद एच-बीटाच्या ०.४ पट तरी हवी आणि एच-बीटाची इक्विव्हॅलंट विड्थ, म्हणजे आजूबाजूच्या उजेडाच्या तुलनेत रेघेची ताकद, २० अँगस्ट्रॉमच्या वर हवी. चाळणी चांगली आहे पण ती फक्त चाळणी आहे. जुने नोव्हा (पूर्वी कधीतरी स्फोट होऊन अचानक भडकलेले तारे), काही चकतीवाले तेजस्वी सीव्ही, यांच्यातही ४६८६ जोरदार असते, आणि मी बघितलंय की एक स्पेक्ट्रम मिळाला, रेघ उंच दिसली, की लगेच ‘मॅग्नेटिक’ लिहून मोकळे होतात. असं करू नका. ही नुसती शंका झाली, पुरावा पुढे येतो.

रेघ इकडे-तिकडे हलते म्हणता, म्हणजे काय?

कळवा स्टेशनवर उभे राहा आणि न थांबता जाणारी गाडी भोंगा वाजवत पास होऊ द्या, येताना आवाज बारीक, गेल्यावर जाड. प्रकाशाचंही तेच. गॅस आपल्याकडे येतोय तर रेघ निळ्याकडे सरकते, लांब जातोय तर लालकडे. सेकंदाला ५०० किलोमीटर वेग असेल तर एच-बीटा साधारण ८ अँगस्ट्रॉम सरकते.

आता मजा अशी की पोलरमधली रेघ एक नसतेच, दोन-तीन रेघा एकमेकीत गुंतलेल्या असतात. एक बारीक, ती लाल ताऱ्याच्या तापलेल्या बाजूची, श्वेतबटूकडे तोंड असलेली बाजू त्याच्या एक्स-रेनी भाजून निघते ना, तिथली. तिचा वेग काही शे किलोमीटर. दुसरी रुंद आणि पसरट, ती पडणाऱ्या गॅसच्या धारेची, ती हजारापर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. एकाच स्पेक्ट्रममध्ये हे सगळं एकाच्या अंगावर एक पडलेलं दिसतं आणि काहीच कळत नाही. पण पूर्ण फेरीभर दर काही मिनिटांनी एक असे वीस-पंचवीस स्पेक्ट्रम घेतले आणि एकाखाली एक लावले की बारीक रेघ नागमोडी जाताना दिसते, रुंद रेघ तिला आडवी छेद देऊन वेगळ्या तालात जाते, आणि मग कोण कुठे आहे ते सुटं होतं. पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर ते दोन नाग वेगळे झाले तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवलं होतं, त्याबद्दल अजून ऐकून घेतो.

यालाच पुढे नेऊन डॉपलर टोमोग्राफी करतात. टॉम मार्श आणि कीथ हॉर्न यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. तत्त्व सीटी स्कॅनचंच, फक्त इथे मशीन पेशंटभोवती फिरत नाही, पेशंटच आपल्यासमोर गोल फिरून दाखवतो. एक लक्षात ठेवा, जो नकाशा मिळतो तो जागेचा नसतो, वेगाचा असतो, त्यामुळे श्वेतबटूच्या जवळचा वेगवान गॅस चित्रात बाहेरच्या बाजूला पडतो. बघताना डोकं चक्रावतं. त्यावर उपाय म्हणून आतलं बाहेर उलटवलेला प्रकारही आता वापरतात, पोलरसाठी तो मला जास्त बरा वाटतो.

लाखो गॉस, कोटी गॉस सांगता, मोजलं कोणी जाऊन?

जायला लागत नाही, प्रकाशच सांगतो. दोन रस्ते आहेत.

पहिला झीमान. चुंबकीय क्षेत्रात अणूची एक रेघ तुटून तीन होतात, मधली जागेवर आणि दोन बाजूला. एच-अल्फासाठी हिशोब सोपा आहे, दर दहा लाख गॉसला बाजूची रेघ साधारण २० अँगस्ट्रॉम लांब जाते. एएम हर्क्युलिसच्या १ कोटी ४० लाखाला ती २८० अँगस्ट्रॉम पलीकडे जाऊन बसणार, मधलीही मग जागेवर राहत नाही, थोडी निळ्याकडे ढकलली जाते. माहीत नसेल तर ही रेघ एच-अल्फाची आहे हेच कोणाला सुचणार नाही. आणि या रेघा श्वेतबटूच्या पृष्ठभागाच्या, त्यामुळे गॅस जोरात पडत असला की त्या उजेडात बुडून जातात.

दुसरा सायक्लोट्रॉन, माझा लाडका. चुंबकीय रेषांभोवती इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात आणि गिरकीच्या फ्रीक्वेन्सीवर आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रीक्वेन्सीवर प्रकाश देतात. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ सूर तर वाजतोच पण वर गंधारही आपोआप ऐकू येतो, तसं. इथे मूळ सूर बहुतेक वेळा इन्फ्रारेडमध्ये असतो, आपल्याला दिसत नाही, आपल्या वाट्याला सहावा, सातवा, आठवा असे वरचे सूर येतात. ते स्पेक्ट्रममध्ये रुंद टेकड्यांसारखे दिसतात, बारीक सुळके नाहीत.

समजा तुम्हाला ७१४०, ६१२० आणि ५३५५ अँगस्ट्रॉमला तीन टेकड्या मिळाल्या. पहिलीला ६ ने गुणा, दुसरीला ७ ने, तिसरीला ८ ने, तिन्ही वेळा ४२,८४० येतं. म्हणजे नंबर बरोबर लागले. आता १० लाख ७१ हजाराला (हा सूत्रातला ठरलेला आकडा) ४२,८४० ने भागा, उत्तर २५ येतं, ते दहा लाख गॉसच्या मापात, म्हणजे अडीच कोटी गॉस. झालं! कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे. खरा डेटा इतका सरळ नसतो, इलेक्ट्रॉन तापलेले असल्यामुळे टेकड्या थोड्या लालकडे घसरतात, कुठल्या कोनातून बघतोय त्यावरही जागा बदलते, पण सुरुवातीचा अंदाज असाच काढतात. दृश्य प्रकाशात अशा टेकड्या व्हीव्ही पपिस या ताऱ्यात ओळखल्या गेल्या आणि ते १९७९ ला छापून आलं.

टेकड्या मिळाल्या किंवा झीमान मिळालं की मग मात्र छातीठोक मॅग्नेटिक म्हणा.

हे सगळं सापडलं कसं?

एएम हर्क्युलिस रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, आहे हे माक्स वोल्फ यांनी १९२३ मध्येच नोंदवलं होतं, त्यानंतर पन्नासेक वर्षं तो यादीतला एक साधा तारा म्हणून पडून राहिला. मग एक्स-रे उपग्रहाला त्या भागात काहीतरी दिसलं, आणि १९७६ मध्ये सांतियागो तापिया यांनी त्याचा प्रकाश तपासला तर चक्क वर्तुळाकार पोलराइज्ड निघाला. एवढं पोलरायझेशन तीव्र चुंबकीय क्षेत्राशिवाय येत नाही. पुढे १९९० मध्ये सोडलेल्या रोसॅट या एक्स-रे उपग्रहाने अशा ताऱ्यांची रांगच लावली.

इंटरमीडिएट पोलर वेगळा ओळखायचा कसा?

तिथे दोन घड्याळं चालू असतात. वासुकीतला ईएक्स हायड्री घ्या, जोडीची फेरी ९८ मिनिटांची आणि श्वेतबटूची गिरकी ६७ मिनिटांची. रेघांचा आकार दोन्ही तालांवर बदलतो. ययातीमधला जीके पर्सेई, जो १९०१ ला नोव्हा म्हणून फुटला होता, त्याची फेरी दोन दिवसांची आणि गिरकी ३५१ सेकंदांची, सहा मिनिटंही नाहीत. शौरीमधल्या डीक्यू हर्क्युलिसमध्ये तर ७१ सेकंदांची लुकलुक १९५४ मध्ये सापडली. इतक्या भरभर बदलणाऱ्या ताऱ्याचा पंधरा मिनिटांचा एक एक्सपोजर घेतला तर सगळं सरबत होतं, त्यामुळे इथे मोठी दुर्बीण आणि छोटे एक्सपोजर असलं तरच जमतं.

तारा मंद झाला की अभ्यास बंद का?

उलट तेव्हाच धावत जायचं! पोलरमध्ये गॅस सांडणं मधूनच कमी होतं, का ते पूर्ण उलगडलेलं नाही. एएम हर्क्युलिस तेराव्या प्रतीच्या आसपास असतो तो पंधराव्यापर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). मग उजळ रेघा बारीक होतात आणि मागे लपलेले दोघं उघडे पडतात, निळ्या टोकाला श्वेतबटू त्याच्या झीमानसकट, लाल टोकाला जोडीदाराचे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे आणि ८१८३, ८१९५ च्या सोडियमच्या रेघा. मांडव उतरल्यावर घर दिसतं तसं.

एक्स-रे स्पेक्ट्रमचं काय?

थोडक्यात, ध्रुवावरचा धक्का कोट्यवधी अंशांचा असतो आणि तिथे लोखंडाच्या तीन रेघा बघतात, ६.४, ६.७ आणि ६.९७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या. पहिली थंड पृष्ठभागावरून परतून आलेली, बाकी दोन तापलेल्या गॅसच्या. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला गेला, त्यावरची एक्स-रे उपकरणं घडवण्यात कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा हात, आणि त्यातून असे तारे बघितले जातात. या तीन रेघा एकदम सुट्या बघायच्या तर २०२३ ला गेलेला जपानचा एक्सरिझम उपग्रह बघा.

ठाण्यातल्या गच्चीवरून यातलं काही जमेल का?

खरं सांगू? थोडंसंच. एएम हर्क्युलिस आपल्याकडे चांगला ५९ अंश वर येतो, पण मध्यरात्री डोक्यावर येतो तो जूनच्या शेवटी, म्हणजे ऐन पावसात. एप्रिल-मेमध्ये पहाटे तीनला उठा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी वायव्येला गाठा. जीके पर्सेई मात्र शहाणा, नोव्हेंबर-डिसेंबरला भर रात्री वर.

दुसरी भानगड उजेडाची. घोडबंदर रोडला पांढरे एलईडी, त्यात मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या रेघा ठरलेल्या जागी असायच्या, त्या वजा करता यायच्या. पांढऱ्या एलईडीचा निळा फुगवटा ४५०० च्या आसपास असतो, म्हणजे नेमका आपल्या ४६८६ च्या शेजारी, आणि तो पसरट असल्यामुळे काढायला त्रास देतो. पाम बीच रोडवाल्यांनी हसू नये, तिकडेही तेच आहे.

दुर्बिणीला लावायची, मिलिमीटरला शंभर रेघांची ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणारी काच, मिळते, फिल्टरसारखी कॅमेऱ्यापुढे फिरवून बसवायची. तिने वेगबिग मोजता येत नाही, रेघ दोन हजार किलोमीटर प्रतिसेकंद सरकली तरी जेमतेम कळेल. पण ‘रेघा उजळ आहेत’ हे दिसतं. सुरुवात एसएस सिग्नीपासून करा, तो मॅग्नेटिक नाही पण भडकला की आठव्या प्रतीपर्यंत येतो. वांगणीच्या बाजूला गेलात तर आकाश बरंच बरं, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होतात.

दुर्बीण नसेल तर?

तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त काम कराल, कारण रात्रीची झोप होईल. स्लोन सर्व्हे या मोठ्या आकाश-पाहणीचे स्पेक्ट्रम फुकट डाउनलोड होतात, त्यात पोलर भरपूर. झेडटीएफ या दुसऱ्या आकाश-पाहणीवरून ब्राइटनेस कसा बदलला ते मिळतं, एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडे जगभरच्या हौशी लोकांची निरीक्षणं. पायथॉन येत असेल तर त्यातलं खगोलशास्त्राचं पॅकेज अ‍ॅस्ट्रोपाय टाका आणि वर सांगितलेला टेकड्यांचा हिशोब स्वतः करून बघा.

भारतात हे खरं काम कुठे चालतं?

लडाखला हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा, नैनीतालजवळ देवस्थळची ३.६ मीटर जी २०१६ ला सुरू झाली, आणि आपल्या जवळची म्हणजे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दोन मीटर, माळशेज चढून जुन्नरकडे गेलात की तो भाग. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉल्ट दुर्बिणीत आयुका भागीदार आहे, आणि पोलरच्या स्पेक्ट्रमवर तिथे खूप काम झालंय. हानलेलाच आयआयटी पवईवाल्यांची ०.७ मीटरची रोबोटिक दुर्बीण आहे, ती स्पेक्ट्रम घेत नाही, पण कुठला तारा अचानक बदलला ते पकडते. शाळा-कॉलेजची मुलं असतील तर मानखुर्दचं होमी भाभा सेंटर, विज्ञान ऑलिम्पियाडचं बरंचसं काम तिथून चालतं, वाशीवाल्यांना तर पुढचंच स्टेशन.

हा तारा फुटला तर आपल्याला धोका?

नाही. यातले काही नोव्हा होतात, १९७५ ला हंसमधला व्ही१५०० सिग्नी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका भडकला आणि नंतर कळलं की तो पोलर आहे, स्फोटामुळे त्याची गिरकी आणि फेरी यांची जोडणी सुटली होती. इथे कोणाच्या खिडकीची काचही हलली नाही.

माझी रास वृश्चिक, त्यात पण असा तारा आहे म्हणे?

मावशी, आहे. एआर स्कॉर्पाय, श्वेतबटू दोन मिनिटांत एक गिरकी घेतो आणि जोडीदाराला चाबकासारखे फटके मारतो, २०१६ ला जाहीर झाला. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाशी त्याचा संबंध नाही.

सुरुवात करणारे सगळ्यात जास्त कुठे चुकतात?

वेळेत. लोक तरंगलांबीचं कॅलिब्रेशन जीव तोडून करतात आणि घड्याळाकडे बघत नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे त्याच ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे वर्षभरात आठेक मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. ईएक्स हायड्रीसारख्या ९८ मिनिटांच्या ताऱ्याला हे आठ टक्के झालं, दुरुस्ती केली नाही तर वेगवेगळ्या महिन्यांचा डेटा एकमेकांवर बसतच नाही. पृथ्वीचा स्वतःचा सेकंदाला ३० किलोमीटर वेगही काढावा लागतो.

आणि माझी गोष्ट सांगतो. प्रोजेक्टच्या वेळी एका रात्रीचा एएम हर्क्युलिसचा डेटा मिळाला, फाइलच्या हेडरमध्ये वेळ होती, मी ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून चाललो. माझी नागमोडी रेघ छान आली, पण छापलेल्या निकालांपेक्षा फेरीच्या ०.७८ भागाने सरकलेली. तीन आठवडे मी धारेचं नवीन मॉडेल रचत होतो, ध्रुव दुसऱ्याच बाजूला आहे असं म्हणत होतो, गाइडना दाखवायला पानंही लिहून ठेवली होती. मग एका रविवारी चहा पिताना सहज साडेपाच तासांना ताऱ्याच्या ३.०९ तासांनी भागलं. १.७८ आलं. हेडरमधली वेळ भारतीय होती, यूटीसीच्या साडेपाच तास पुढची.